गृहीत धरलेलं यंत्र



ही व्याख्यानमाला सरांच्या नावाने चालते. सरांनी आयुष्यभर प्रोग्रॅमिंग शिकवलं. एखादा विद्यार्थी आनंदाने "सर, चाललं!" असं सांगत आला, की त्यांचा ठरलेला प्रश्न असे, "कुठे चाललं?" विषय निवडताना तोच प्रश्न माझ्या मनात होता. एकदा लिहिलेला सोर्स कोड निरनिराळ्या प्रोसेसरांवर, ऑपरेटिंग सिस्टिमांवर आणि कंपायलरांवर सुखरूप कसा पोचतो, आणि बहुतेक वेळा का पोचत नाही, याबद्दल मी आज बोलणार आहे. संगणकाशी रोजचा संबंध नसलेली मंडळीही समोर दिसत आहेत. त्यांना बरोबर घेऊनच पुढे जाऊ.

सुरुवात मुंबईपासून करतो. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली टिफ्रॅक हा संगणक पूर्ण क्षमतेने चालू झाला. प्रा. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तो इथल्याच तरुणांनी घडवला होता. त्याची मेमरी २०४८ शब्दांची आणि एक शब्द ४० बिटांचा. चार वर्षांनी, १९६४ मध्ये, त्याच संस्थेत अमेरिकेहून सीडीसी ३६०० आला. त्याचा शब्द ४८ बिटांचा. आज्ञा वेगळ्या, आकडे साठवायची रीत वेगळी. टिफ्रॅकच्या आज्ञांमध्ये बांधलेला प्रोग्रॅम सीडीसीच्या लेखी निरर्थक होता. गणित तेच, ते सोडवणारी माणसं तीच, संस्थाही तीच, पण प्रोग्रॅम मात्र नव्याने लिहायचा. जगभर तेव्हा हीच स्थिती होती. यंत्र मोडीत निघालं की त्याच्यासाठी खर्च केलेली बुद्धीही त्याच्याबरोबर मोडीत जायची.

त्यातून सुटण्याचे प्रयत्न अर्थातच चालू होते. फोरट्रान १९५७ मध्ये आली होती. ६ आणि ७ डिसेंबर १९६० या दोन दिवशी अमेरिकेत एक प्रात्यक्षिक झालं. कोबोलमध्ये लिहिलेला जवळपास एकच प्रोग्रॅम आरसीए ५०१ आणि युनिव्हॅक २ या दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर चालवून दाखवला गेला. आज त्याचं कुणाला काही वाटणार नाही, पण या विषयातला तो मोठा दिवस होता. मात्र ही झाली पगारपत्रकं आणि गणितं करणाऱ्या प्रोग्रॅमांची गोष्ट. त्यांच्या खाली असणारी ऑपरेटिंग सिस्टीम एका यंत्रावरून उचलून दुसऱ्यावर ठेवता येईल, असं त्या काळी फारच थोड्यांना वाटत होतं.

इथे आपण युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीमकडे येतो, आणि इथे मी थोडा रेंगाळणार आहे. केन थॉम्प्सन यांनी बेल लॅब्जमध्ये १९६९ साली युनिक्स सुरू केलं ते पीडीपी-७ या १८ बिटांच्या यंत्रावर, त्या यंत्राच्या असेंब्ली भाषेत. मग ते १६ बिटांच्या पीडीपी-११ वर आलं. डेनिस रिची यांनी सी भाषा घडवली आणि १९७३ मध्ये युनिक्सचा गाभा सी मध्ये पुन्हा लिहिला गेला. पुष्कळ पुस्तकं इथे थांबतात आणि सांगतात, की सी मध्ये लिहिल्यामुळे युनिक्स पोर्टेबल झालं. तसं झालं नव्हतं. १९७३ चं युनिक्स सी मध्ये होतं आणि तरीही पीडीपी-११ सोडून कुठेही जाऊ शकत नव्हतं. भाषा उच्च पातळीची होती, पण लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर यंत्र एकच होतं. त्या एका यंत्राच्या सवयी ओळीओळीत झिरपल्या होत्या.

त्या बाहेर काढण्याचं काम १९७७ मध्ये जगाच्या दोन टोकांना झालं. बेल लॅब्जमध्ये स्टीव्ह जॉन्सन आणि रिची यांनी इंटरडेटा ८/३२ हे यंत्र मुद्दाम निवडलं, कारण ते पीडीपी-११ पेक्षा शक्य तितकं वेगळं होतं. ३२ बिटांचं, आणि बाइटांचा क्रम उलटा. ऑस्ट्रेलियात वॉलाँगाँग विद्यापीठात रिचर्ड मिलर यांनी, बेल लॅब्जच्या या प्रयत्नाशी काही संबंध नसताना, इंटरडेटा ७/३२ वर युनिक्स उभं केलं. आधी त्या यंत्राच्या मूळ ऑपरेटिंग सिस्टीमच्या आधाराने, मग तो आधार काढून. छोट्या विद्यापीठातल्या या कामाचं नाव फारसं घेतलं जात नाही, म्हणून आज मुद्दाम घेतो.

जॉन्सन आणि रिची यांनी १९७८ मध्ये बेल सिस्टीमच्या नियतकालिकात या अनुभवावर निबंध लिहिला. इथे बसलेल्या प्रत्येक तरुण प्रोग्रॅमरने तो शोधून वाचावा. त्यातला एक विचार मला फार मोलाचा वाटतो. आधी ते सी मधले प्रोग्रॅम हनीवेल आणि आयबीएमच्या यंत्रांवर नेत होते, आणि त्यांच्या लक्षात आलं, की प्रोसेसर वेगळा असल्याचा त्रास कमी होतो. ऑपरेटिंग सिस्टीम वेगळी असल्याचा त्रास जास्त. फायलींची नावं, त्या उघडण्याची पद्धत, एका प्रोग्रॅमने दुसरा सुरू करण्याची रीत, सगळंच निराळं. मग शंभर प्रोग्रॅमांना नव्या जागेची सवय लावत बसण्यापेक्षा ती जागाच का हलवू नये? म्हणून त्यांनी ऑपरेटिंग सिस्टीम हलवली. पुढे १९८८ मध्ये पॉसिक्स हे स्टँडर्ड आलं, तेही याच जाणिवेतून. नुसती भाषा सारखी असून भागत नाही, भोवतालही सारखा लागतो.

आणि त्यांना कोडमध्ये काय सापडलं? पीडीपी-११ वर पूर्णांक आणि पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, दोन्ही १६ बिटांचे, म्हणून लोक पॉइंटर खुशाल पूर्णांकात ठेवत होते. त्या यंत्रावर काहीच बिघडत नव्हतं, म्हणून ते चूक आहे हे कुणाला कळलंही नव्हतं. असा कोड शोधून काढायला जॉन्सन यांनी लिंट हे साधन लिहिलं. वेगवेगळ्या प्रोसेसरांसाठी सहज वळवता येईल असा नवा कंपायलर लिहिला. भाषेतच भर पडली. चिन्हरहित पूर्णांक, युनियन, टाइपडेफ यांसारख्या ज्या गोष्टी आपण आज सी चा स्वभावधर्म समजतो, त्या याच वर्षांमध्ये आकाराला आल्या. परकं यंत्र समोर आल्याशिवाय भाषेला स्वतःच्या उणिवा दिसल्या नाहीत. बाइटांच्या क्रमाचा घोळ तर एका शब्दात अजरामर झाला आहे. १६ बिटांच्या शब्दात दोन-दोन अक्षरं भरली आणि दुसऱ्या यंत्राने प्रत्येक जोडी उलटी वाचली, तर 'यु-एन-आय-एक्स' या चार अक्षरांचं 'एन-यु-एक्स-आय' होतं. या दोषाला प्रोग्रॅमर आजही 'नक्सी' म्हणतात.

माझं आजचं सगळं म्हणणं या गोष्टीत आहे. दुसऱ्या यंत्रावर प्रोग्रॅम मोडतो तेव्हा आपण त्या यंत्राला दोष देतो. पण तो मोडतो तो लिहिणाऱ्याने न सांगता गृहीत धरलेल्या गोष्टीमुळे, आणि ती गोष्ट कोडमध्ये कुठेही लिहिलेली नसते. पोर्टेबल कोड लिहिणं म्हणजे ही गृहीतकं एकेक करून हुडकायची. जी टाळता येतील ती टाळायची, जी टाळता येत नाहीत ती एका जागी आणून नावानिशी लिहून ठेवायची.

सर्वांत साधं गृहीतक आकाराचं. सी मधला 'इन्ट' म्हणजे आजीच्या पाककृतीतली वाटी. 'दोन वाट्या पीठ' हे तिच्या स्वयंपाकघरात अचूक माप असतं, पण ती पाककृती दुसऱ्या घरात गेली की वाटी कुणाची, हा प्रश्न उभा राहतो. सी चं स्टँडर्ड इतकंच सांगतं, की 'इन्ट' किमान १६ बिटांचा हवा आणि 'लाँग' किमान ३२ बिटांचा. आज ६४ बिटांच्या लिनक्सवर 'लाँग' ६४ बिटांचा असतो आणि ६४ बिटांच्या विंडोजवर ३२ बिटांचा. फाइलचा आकार 'लाँग' मध्ये ठेवणारा प्रोग्रॅम लिनक्सवर पाच जीबीची फाइल बिनतक्रार हाताळतो. तोच विंडोजवर नेला की २१४७४८३६४७ या आकड्यापाशी, म्हणजे दोन जीबीला अडतो. कंपायलर हूं की चूं करत नाही. यावर १९९९ च्या स्टँडर्डने उपाय दिला. नेमके ३२ बिट हवेत, नेमके ६४ हवेत, असं नाव घेऊन सांगता येणारे पूर्णांक आले. पण ते वापरायची सवय अजून सर्वांच्या हाताला नाही.

आता एक गोष्ट अगदी जवळून दाखवतो. सी शिकणारा प्रत्येक जण फाइल शेवटपर्यंत वाचणारं चक्र लिहितो. एक अक्षर घ्या, फाइल संपल्याची खूण आली का पाहा, नसेल तर पुढचं घ्या. अक्षर देणाऱ्या फंक्शनचं नाव 'गेटकॅर', म्हणून विद्यार्थी त्याचं उत्तर 'कॅर' या प्रकारच्या व्हेरिएबलमध्ये ठेवतो. स्वाभाविकच आहे. पण ते फंक्शन 'कॅर' देतच नाही, 'इन्ट' देतं. कारण त्याला २५६ शक्य बाइटांखेरीज आणखी एक, 'संपलं' ही खूण द्यायची असते, आणि ती खूण नेहमीच्या लायब्रऱ्यांत उणे एक असते. इंटेलच्या प्रोसेसरवर 'कॅर' चिन्हासहित असतो, म्हणून उणे एक त्यात मावतो आणि चक्र थांबतं. तोच कोड रास्पबेरी पाय घेऊन त्याच्या लिनक्सवर कंपाइल करा. तिथे प्रोसेसर एआरएम आहे आणि 'कॅर' चिन्हरहित आहे. उणे एकाचे २५५ होतात, २५५ कधीही उणे एकाबरोबर होत नाहीत, आणि चक्र अनंतकाळ फिरत राहतं.

असा फरक का? पीडीपी-११ ची बाइट उचलून रजिस्टरमध्ये ठेवणारी आज्ञा चिन्ह आपोआप पसरवत असे, म्हणून सी मध्ये 'कॅर' चिन्हासहित ठेवणं तिथे स्वस्त होतं. जुन्या एआरएम प्रोसेसरांची बाइट उचलण्याची आज्ञा वरचे बिट शून्य करत असे, म्हणून तिथे चिन्हरहित स्वस्त. स्टँडर्ड लिहिणाऱ्यांनी दोघांनाही मोकळीक दिली. ज्या यंत्रावर जे सोयीचं तेच वेगवान, म्हणून ही सूट. सी च्या स्टँडर्डमध्ये अशा मोकळ्या जागा पुष्कळ आहेत, आणि प्रत्येक जागेमागे कुठल्या तरी खऱ्या यंत्राची खरी अडचण आहे.

हाच 'कॅर' आपल्या भाषेच्या आड कसा येतो ते पाहा. इंग्रजी मजकुरातला प्रत्येक बाइट १२७ पर्यंतचा, त्यामुळे चिन्ह असो वा नसो, अर्थ एकच. देवनागरी तशी नाही. युनिकोडच्या यूटीएफ-८ या रीतीत आपला 'म' तीन बाइटांचा होतो: २२४, १६४, १७४. 'मराठी' हा शब्द पंधरा बाइटांचा, आणि पंधराच्या पंधरा बाइट १२७ च्या वरचे. चिन्हासहित 'कॅर' मध्ये तोच 'म' उणे ३२, उणे ९२, उणे ८२ असा दिसतो. आता प्रोग्रॅमर 'हे अक्षर म्हणजे मोकळी जागा आहे का?' असं विचारणारं लायब्ररीतलं फंक्शन बोलावतो आणि त्याच्या हातात हा उणे ३२ देतो. त्या फंक्शनला शून्य ते २५५ आणि फाइल संपल्याची खूण, एवढंच द्यायचं असतं. बाकी काही दिलं तर काय होईल, याची जबाबदारी स्टँडर्ड घेत नाही. लिनक्सवरच्या नेहमीच्या लायब्ररीने असल्या चुका पोटात घालण्यासाठी तक्ता उणे १२८ पासून सुरू केला आहे, म्हणून तिथे सगळं गोड दिसतं. मायक्रोसॉफ्टच्या लायब्ररीच्या तपासणीच्या आवृत्तीत मात्र प्रोग्रॅम तिथल्या तिथे थांबतो. इंग्रजी मजकुरावर वर्षानुवर्षं तपासलेला कोड मराठीतल्या पहिल्याच अक्षरावर कोलमडतो, तो असा. उपाय एका शब्दाचा आहे: अक्षर त्या फंक्शनला देण्याआधी ते चिन्हरहित करून घ्यायचं. पण तो सुचायला कुणीतरी आधी मराठी मजकूर देऊन पाहायला हवा. म्हणून माझं आपल्या प्रोग्रॅमर मंडळींना सांगणं आहे, की तुमचा प्रोग्रॅम मराठीशी संबंधित नसला तरी त्याच्या चाचण्यांमध्ये मराठी मजकूर घाला. त्याच्याइतका कसून तपासणारा परीक्षक फुकटात दुसरा मिळणार नाही.

बाइटांच्या क्रमाकडे परत येतो. डॅनी कोहेन यांनी १९८० मध्ये या वादावर एक प्रसिद्ध टिपण लिहिलं आणि गलिव्हरच्या सफरीतल्या अंड्याच्या दोन टोकांवरून भांडणाऱ्या पक्षांची नावं दोन्ही पद्धतींना दिली. बिग-एंडियन आणि लिटल-एंडियन ही नावं तिथून आली. आज आपल्या हातातली बहुतेक सगळी यंत्रं लिटल-एंडियन आहेत. मग चिंता कशाला, असं वाटेल. पण इथे सर्वांत चांगला धडा एसक्यूलाइटकडून घ्यावा. डी. रिचर्ड हिप यांनी २००० साली सुरू केलेला हा डेटाबेस आज प्रत्येक स्मार्टफोनमध्ये आहे. त्याची फाइल ३२ बिटांच्या यंत्रावरून ६४ बिटांच्या, लिटल-एंडियनवरून बिग-एंडियन यंत्रावर नुसती कॉपी करून नेता येते. कसं जमतं? फाइलमध्ये आकडा बिग-एंडियन क्रमाने असेल, हे त्यांनी एकदाच ठरवून लिहून ठेवलं आहे. वाचताना कोड एकेक बाइट उचलतो, पहिल्याला आठ घरं डावीकडे सरकवतो, दुसरा त्याला जोडतो, आणि आकडा तयार होतो. आपण कुठल्या यंत्रावर आहोत हे त्या ओळींना विचारावंच लागत नाही. क्रम फाइलचा असतो आणि तो ठाऊक असला की पुरतं. संपूर्ण संरचना मेमरीतून जशीच्या तशी फाइलमध्ये ओतण्याची सवय ज्यांना आहे, त्यांनी हा कोड जरूर वाचावा.

आता एका दुखऱ्या गोष्टीकडे वळतो. फरक टाळता आला नाही की बहुतेक जण 'इफडेफ' कडे धावतात. विंडोज असेल तर ही ओळ, लिनक्स असेल तर ती, मॅक असेल तर तिसरी. सुरुवातीला दोनच असतात. काही वर्षांनी फंक्शन वाचताना कुठली ओळ कुठल्या यंत्रासाठी आहे, हे लिहिणाऱ्यालाही उमगत नाही, आणि ज्या फांद्या आपल्या यंत्रावर कंपाइलच होत नाहीत त्या आतल्या आत कुजत राहतात. हेन्री स्पेन्सर आणि जेफ कॉलियर यांनी १९९२ मध्ये युजनिक्सच्या परिषदेत याविरुद्ध निबंध वाचला. सी न्यूज हा प्रोग्रॅम असंख्य प्रकारच्या युनिक्स यंत्रांवर चालवण्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. त्यांचं सांगणं थोडक्यात असं: मुख्य कोड एका आदर्श जगासाठी लिहिलेला असावा, आणि प्रत्यक्ष जग त्या आदर्शापर्यंत आणण्याचं काम वेगळ्या छोट्या फायलींनी करावं. एखादं फंक्शन तुमच्या यंत्रावर नसेल तर ते लिहून द्या. त्याच्या नसण्याची चर्चा कोडभर पसरवू नका. मला हे शंभर टक्के पटतं. ऑटोकॉन्फ या साधनाने १९९१ पासून आणखी एक चांगली सवय लावली. यंत्राचं नाव विचारायचं नाही, हे फंक्शन आहे का, ही हेडर फाइल आहे का, असं करून पाहायचं. नावावरून बांधलेला अंदाज नवं यंत्र आलं की चुकतो. त्याच्या अगडबंब स्क्रिप्टांबद्दल तक्रारी खूप आहेत, त्यातल्या बऱ्याच रास्तही आहेत, पण प्रश्न विचारण्याची ती रीत बरोबर होती.

मात्र या बाबतीत मला सर्वांत देखणा वाटतो तो डोनाल्ड क्नुथ यांचा मार्ग. टेक हा त्यांचा अक्षरजुळणीचा प्रोग्रॅम. १९८२ ची आवृत्ती त्यांनी वेब या स्वतःच्या पद्धतीत, पास्कलवर आधारून लिहिली. मूळ फाइलला कुणी हात लावायचा नाही. तुमच्या यंत्रासाठी जे बदल हवेत ते वेगळ्या 'चेंज फाइल' मध्ये लिहायचे: मूळच्या या ओळी, त्यांच्या जागी या. दोन्ही एकत्र करून प्रोग्रॅम तयार होतो. म्हणजे यंत्रामुळे नेमकं काय बदलावं लागलं, याची स्वच्छ नोंद आपोआप राहते. शिवाय यंत्रावर अवलंबून असणारी प्रत्येक जागा त्यांनी पुस्तकाच्या सूचीत नोंदवून ठेवली आहे. दुसरी गोष्ट आकडेमोडीची. दशांशाच्या आकड्यांची तेव्हा प्रत्येक यंत्र आपापल्या पद्धतीने काटछाट करत असे. ओळ कुठे तोडायची हे अशा आकड्यांवर सोडलं असतं, तर एकच पुस्तक दोन यंत्रांवर दोन तऱ्हांनी जुळलं असतं. म्हणून क्नुथ यांनी छपाईतल्या एका पॉइंटाचे ६५५३६ भाग केले आणि ओळ तोडण्याचा सगळा हिशेब पूर्णांकांत केला. नुसतं कंपाइल होण्यावर त्यांचं समाधान नव्हतं. उत्तरही अक्षरशः तेच हवं होतं. ते आजही तेच येतं.

आपल्याकडच्या शिक्षणाबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाववत नाही. कित्येक वर्षं आपल्या अनेक महाविद्यालयांत सी म्हणजे टर्बो सी असं समीकरण होतं. डॉसच्या काळातला हा कंपायलर, त्याचा 'इन्ट' १६ बिटांचा. विंडोज पुढे गेलं, कंपायलर त्यावर चालेना, तेव्हा डॉसची नक्कल करणारा प्रोग्रॅम बसवून त्यात तो चालवला गेला, पण सोडला नाही. प्रत्येक प्रोग्रॅमच्या सुरुवातीला 'कोनिओ' ही हेडर फाइल, मग पडदा पुसणारं 'क्लिअरस्क्रीन', शेवटी कळ दाबेपर्यंत थांबवणारं 'गेटच'. यातलं काहीही सी च्या स्टँडर्डमध्ये नाही. हुशार मुलं पहिल्या नोकरीत लिनक्सपुढे बसतात आणि त्यांचा पहिला प्रोग्रॅम पहिल्याच ओळीवर अडतो, तेव्हा त्यांना वाटतं आपल्याला सी येत नाही. त्यांना सी येत असतं. सी कुठे संपतं आणि एका कंपायलरची खासियत कुठे सुरू होते, ही सीमारेषा मात्र कुणी दाखवलेली नसते. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण दाखवायला खर्च शून्य आहे. जीसीसी आणि क्लँग हे दोन्ही कंपायलर फुकट आहेत. प्रत्येक प्रात्यक्षिक दोन्हींवर, सर्व वॉर्निंग चालू ठेवून कंपाइल करा, एवढा नियम पुरे.

पोर्टेबल लिहिण्याची गरज श्रीमंत देशांपेक्षा आपल्यासारख्यांना जास्त असते, हे मला ब्राझीलच्या उदाहरणावरून समजलं. तिथे १९९२ पर्यंत संगणकाच्या आयातीवर कडक बंधनं होती. रिओच्या कॅथलिक विद्यापीठातला एक गट पेट्रोब्रास या तेलकंपनीसाठी काम करत होता, आणि कंपनीकडे यंत्रांच्या नाना जाती होत्या. जे मिळेल त्यावर चालायलाच हवं होतं. अशा परिस्थितीत १९९३ मध्ये लुआ ही भाषा जन्मली. ती निखळ स्टँडर्ड सी मध्ये लिहिली गेली, कुठल्याही यंत्राची खास सोय न वापरता. म्हणूनच ती व्हिडिओ गेममध्ये शिरली, नेटवर्कच्या उपकरणांत शिरली, आणि मराठी विकिपीडियावरच्या अनेक साच्यांच्या मागेही तीच काम करते. टंचाईतून आलेल्या शिस्तीने ती भाषा जगभर नेली.

लिनक्सची वाट वेगळी. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ च्या पहिल्याच जाहीर पत्रात सांगून टाकलं होतं, की हे पोर्टेबल नाही, ३८६ प्रोसेसरला बांधलेलं आहे. त्यात कमीपणा नव्हता. एका विद्यार्थ्याचं ते स्वतःच्या यंत्रासाठीचं काम होतं. मग ६४ बिटांचा अल्फा प्रोसेसर त्यांच्यापुढे आला. तो इंटेलपेक्षा इतका निराळा होता, की वरवर डागडुजी करून भागेना. गाभ्याचे दोन भाग करावे लागले, सर्वांना समान असलेला आणि प्रोसेसरागणिक बदलणारा. मार्च १९९५ च्या १.२ आवृत्तीत अल्फा, स्पार्क आणि मिप्स आले. आणि २०१३ च्या ३.८ आवृत्तीतून ३८६ लाच निरोप दिला गेला. ज्या यंत्रासाठी तो प्रोग्रॅम जन्मला ते यंत्र गळून पडलं आणि प्रोग्रॅमला धक्काही लागला नाही.

शेवटचा मुद्दा आजचा आहे, आणि तो अवघड आहे. लॅपटॉप आणि सर्व्हर इंटेलच्या जातीकडून एआरएमकडे जात आहेत. कोड कंपाइल होतो, चाचण्याही पास होतात, आणि तरी महिन्यातून एकदा काहीतरी चुकतं. कारण बहुधा असं असतं. प्रोग्रॅमचा एक धागा आधी माहिती लिहितो आणि मग 'तयार आहे' असा झेंडा वर करतो. दुसरा धागा झेंडा पाहून माहिती उचलतो. इंटेलचे प्रोसेसर एका कोअरने ज्या क्रमाने लिहिलं त्याच क्रमाने ते दुसऱ्या कोअरला दाखवतात. एआरएमवर तशी हमी नाही. झेंडा आधी दिसू शकतो आणि माहिती मागाहून. इंटेलवर वीस वर्षं बिनबोभाट चाललेला कोड इथे चुकतो, आणि डीबगर लावला की चूक गायब होते. २०११ च्या सी आणि सी++ स्टँडर्डनी हा क्रम स्पष्टपणे सांगण्याची सोय दिली आहे. तोवर भाषेत ते लिहायला जागाच नव्हती. ज्यांच्याकडे त्याआधीचा बहुधागी कोड आहे, त्यांनी तो बसून पुन्हा वाचावा, असं मी अगदी कळकळीने सांगेन. चाचणीवर विसंबू नये.

हे सांगण्यामागे आणखी एक कारण आहे. आपल्या देशात आता स्वतःचे प्रोसेसर घडत आहेत. आयआयटी मद्रासचा शक्ती, सी-डॅकचा वेगा. दोन्ही रिस्क-व्ही या खुल्या रचनेवर आधारलेले आहेत. त्यांच्यावर लिनक्स चालतं, कारण तीस वर्षांपूर्वी अल्फासाठी गाभा विभागण्याचे कष्ट कुणीतरी घेतले होते. नव्या प्रोसेसरसाठी नवी ऑपरेटिंग सिस्टीम लिहीत बसावं लागलं नाही. पण रिस्क-व्हीवरही लेखनाच्या क्रमाची हमी सैल आहे, आणि लिनक्सवर तिथेही 'कॅर' चिन्हरहित आहे. डेबियन या लिनक्सच्या वितरणाने २०२५ च्या आवृत्तीत रिस्क-व्हीला अधिकृत स्थान दिलं. हजारो पॅकेजं तिथे आपोआप बांधली जातात आणि न बांधली गेलेल्यांची यादी सर्वांसमोर उघडी आहे. मराठीसाठी लागणारी साधनं, म्हणजे शुद्धलेखन तपासणारे प्रोग्रॅम, कळफलक, छापील मजकूर ओळखणारे प्रोग्रॅम, यांच्यापैकी जे आपण स्वतः लिहिले आहेत ते तिथे बांधले जातात का, हे पाहण्याचं काम दुसरं कुणी आपल्यासाठी करणार नाही. त्यासाठी नवा बोर्ड विकत घ्यायलाही नको. क्यूएमू हा नकली यंत्र उभं करणारा प्रोग्रॅम कुठल्याही साध्या लॅपटॉपवर बसतो. त्यात रिस्क-व्हीचं एक यंत्र आणि आयबीएमच्या मेनफ्रेमचं, बिग-एंडियन, असं दुसरं उभं करा. सरांच्या प्रयोगशाळेतल्या यंत्रांवर ही दोन्ही बसवून द्यायला मी तयार आहे. पुढच्या सत्रापासून विद्यार्थ्यांनी आपले प्रकल्प तिथे बांधून पाहावेत, एवढी विनंती मी विभागप्रमुखांना आजच करून ठेवतो.